खाज, खिसा आणि क्रीम

रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. तीन फोटो आणि दोन ओळी. फोटोत माझी पाच महिन्यांची भाची. गाल लालबुंद, खरखरीत, डाव्या गालावर तिच्याच नखाचा ओरखडा. खाली लिहिलेलं, ‘दादा, हे तुझंच आलंय ना हिच्याकडे? कुठलं क्रीम आणू?’

झोपच उडाली. ‘तुझंच’ हा शब्द जाम लागला. खरा होता ना, म्हणून जास्त लागला.

वयाच्या चौथ्या वर्षापासून मला एक्झिमा आहे. मराठीत त्याला इसब म्हणतात. आमच्या घरात मात्र त्याला नावच नाही, ‘याचं ते’ एवढंच. ‘याचं ते पुन्हा उठलंय.’ ‘याच्या त्याला वांगं चालत नाही हं!’ शाळेत पोरं सरळ खरूज म्हणायची आणि बाकावर लांब सरकून बसायची. खरूज एकाची दुसऱ्याला होते, इसब होत नाही, हे दुसरीतल्या पोरांना कोण समजावणार? कोपराची आतली बाजू, गुडघ्यांच्या मागे, मान... आणि थंडीत हात.

जानेवारीत भाचीच्या बारशाला चिपळूणला गेलो, तेव्हा माझ्या दोन्ही हातांना भेगा पडल्या होत्या. सगळ्यांनी तिला आळीपाळीने घेतलं. माझी पाळी आली तसा मी मोबाइल काढला. म्हटलं, ‘थांबा, मी फोटो काढतो.’ कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर त्या रात्री मी एका क्रीमचं नाव टाइप केलं. पुसलं. दुसरं टाइप केलं. तेही पुसलं. सत्तावीस वर्षं खाजवणाऱ्या माणसाला क्रीमचं एक नाव सांगता येऊ नये?

त्याचं कारण माझ्या कपाटात आहे. खालच्या खणाला मी ‘म्युझियम’ म्हणतो. अर्ध्या वापरलेल्या ट्यूबा, चेपलेल्या बाटल्या, एक-दोनदाच उघडलेल्या डब्या. आणि सगळ्यांत मागे काचेची एक देखणी बरणी. हिंजवडीत पहिली नोकरी लागली, हातात पैसा खुळखुळायला लागला, तेव्हा एका मॉलमध्ये घेतलेली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘सर, सेन्सिटिव्ह स्किन आहे ना?’ सर म्हटल्यावर माझं अर्धं काम तिथेच झालं. ‘हे हंड्रेड परसेंट नॅचरल आहे, लॅव्हेंडर ऑइल आहे यात.’ पन्नास ग्रॅमला अठराशे रुपये. घेतलं.

तिसऱ्या दिवशी क्लायंट मीटिंगमध्ये मान अशी काही पेटली की मी प्रेझेंटेशन अर्ध्यावर सोडून वॉशरूममध्ये पळालो. पुढचे पंधरा दिवस, तेही ऐन मे महिन्यात, कॉलरची शेवटची गुंडी लावून आणि फुल शर्ट घालून ऑफिसला गेलो. कलीग म्हणायचे, ‘काय रे, इंटरव्ह्यू आहे का कुठे?’

लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, संत्र्या-लिंबाच्या तेलात लिमोनीन. बाटली उघडली, हवा लागली की त्यांच्यापासून जे नवे घटक तयार होतात, ते बऱ्याच जणांना अ‍ॅलर्जी देतात. वास प्रयोगशाळेत बनलाय की डोंगरावरच्या फुलातून आलाय, याचं कातडीला काही कौतुक नसतं, हे मला अठराशे रुपयांत कळलं.

महागाचा अनुभव असा आला म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो. कोपऱ्यावरचं मेडिकल. ‘काका, खाजेवर काहीतरी द्या ना.’ काकांनी काही न विचारता एक छोटी ट्यूब पुढे केली. पन्नास-साठ रुपयांची. आणि बॉस, दोन दिवसांत जादू! मान साफ, कोपर साफ. मी खूश. खाज आली की ट्यूब, असं तब्बल आठ महिने चाललं. मग एक दिवस आरशात दिसलं की कोपराच्या आतली कातडी पातळ झालीय, वर आडव्या रेघा उमटल्यात. घाबरून ट्यूब बंद केली, तर सगळं दुपटीने उसळून आलं.

ती मिक्श्चर ट्यूब होती. तीव्र स्टिरॉइड, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. मार्च २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. पण मागणाराही माझ्यासारखा आणि देणाराही काकांसारखा असला, की नियम कागदावरच राहतो.

शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. म्युझियममधला निम्मा माल पिशवीत भरून नेला होता. मॅडमनी एकेक ट्यूब उचलून मागची बाजू वाचली. पुढची बाजू, जिथे पानं-फुलं असतात, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी विचारलं, ‘मॅडम, यातलं बेस्ट कुठलं?’

त्या म्हणाल्या, ‘वास नसलेलं कुठलंही, जे तू रोज, भरपूर लावशील ते.’

मला वाटलं, बाई टोलवतायत. नंतर कळलं की याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये अख्खी चाचणी झालीय. ब्रिस्टल विद्यापीठाच्या पुढाकाराने, एक्झिमा असलेल्या ५५० मुलांवर. लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट असे चार गट करून सोळा आठवडे तुलना केली. निकाल २०२२ मध्ये आला: चारांपैकी एकही दुसऱ्यापेक्षा सरस ठरलं नाही. कुणाला एक आवडलं, कुणाला दुसरं, आणि थोडीफार चुरचुर चारही प्रकारांत कुणाला ना कुणाला झालीच. मी इतकी वर्षं ज्या ‘बेस्ट’च्या मागे धावत होतो, ते अस्तित्वातच नव्हतं!

मग मॅडमनी कातडीचा फंडा समजावला. मी तो माझ्या भाषेत सांगतो. आमच्या कोकणात चिऱ्याची भिंत असते. चिरे शाबूत असले तरी सांधे उघडे पडले की पावसाचं पाणी आत येतं. आपल्या कातडीचा वरचा थरही असाच: पेशी म्हणजे चिरे आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड म्हणजे सांध्यातला चुना. एक्झिमावाल्यांची भिंत मुळातच गळकी. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ, वास आत शिरतात. मग जळजळ, मग खाज, मग नखं आणि भिंत आणखी खिळखिळी. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल, तर एक्झिमाचा धोका बराच वाढतो. म्हणजे ‘याचं ते’ खरोखरच घराण्यातून येऊ शकतं.

मॉइश्चरायझर या भिंतीची डागडुजी करतं. ग्लिसरीनसारखे घटक पाणी धरून ठेवतात, सेरामाइड आणि स्निग्ध घटक सांधे भरतात, पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. स्टिरॉइड काही व्हिलन नाही, असंही मॅडम म्हणाल्या. योग्य ताकदीचं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते औषधच आहे. आग लागली की बंब बोलवायचा, पण बंब आठ महिने दारात उभा करायचा नाही!

माझी पॅच टेस्टही झाली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. मला सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी निघाली. म्युझियममधल्या बहुतेक बाटल्यांचा निकाल त्या एका ओळीत लागला.

तेव्हापासून मी ट्यूब पाठीमागून वाचायला शिकलो. पहिला शोध ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ या शब्दाचा. सापडला की ट्यूब परत जागेवर. इथे एक गंमत आहे. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच, कधीकधी मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. आपल्याला हवं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, आणि तरीही मागची यादी वाचायचीच.

‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या भारदस्त शब्दावर मी फार वर्षं विश्वास ठेवला. अमेरिकेत १९७५ मध्ये सरकारी खात्याने या शब्दासाठी चाचणीची अट घातली होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये ती अट रद्द झाली. तिथे आजही या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. म्हणजे तो शब्द छापायला शाई पुरते.

प्रिझर्व्हेटिव्ह मात्र पाण्याच्या क्रीममध्ये लागतातच, नाहीतर जंतू वाढतील. त्यातल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या जीभवळणाला जरा जपायचं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला २०१३ चा ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं आणि युरोपीय महासंघाने २०१७ पासून, लावून तसंच ठेवायच्या क्रीममध्ये ते वापरायला बंदी घातली. लोकरीपासून मिळणारं लॅनोलिन बऱ्याच जणांना छान चालतं, काहींना अजिबात नाही. २०२३ चा तोच ‘मान’ त्याला मिळाला. यूरिया कोरड्या टाचांना मस्त, पण भेगांवर लावला तर डोळ्यांतून पाणी! आणि सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेस आणणारा घटक, अंगावर ठेवायच्या क्रीममध्ये नकोच. ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅक्वस क्रीम’ हे साधंसुधं क्रीम वर्षानुवर्षं मॉइश्चरायझर म्हणून दिलं जायचं. त्यात हा घटक असायचा. ते लावल्यावर एक्झिमावाल्यांना, विशेषतः मुलांना, जळजळ होऊ शकते असा इशारा तिथल्या औषध खात्याने २०१३ मध्ये दिला.

एवढं वाचूनही क्रीम चालेल की नाही, हे शेवटी कातडीच ठरवते. म्हणून नवीन ट्यूब आणली की मी आठवडाभर फक्त कोपराच्या आत, बऱ्या जागेवर, रुपयाएवढ्या गोलात दिवसातून दोनदा लावतो. सात दिवस शांततेत गेले तर मग अंगभर. इंटरव्ह्यू, लग्न, सहल यांच्या आदल्या दिवशी नवीन क्रीम? कधीच नाही.

आणि माझी सगळ्यांत मोठी चूक सांगू? प्रमाण! पन्नास ग्रॅमची बरणी मी तीन महिने पुरवायचो, करंगळीच्या टोकाने. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचना एक्झिमा असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम म्हणते. आठवड्याला! अर्ध्या किलोच्या हिशेबाने माझं लॅव्हेंडर आठवड्याला अठरा हजारांना पडलं असतं. म्हणजे जे क्रीम हात सैल सोडून लावता येत नाही, ते आपल्यासाठी नाहीच, मग कितीही भारी असो. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ मधलं आहे. स्वस्त, बिनवासाचा प्रकार सहज मिळतो, त्यात पाणी नसल्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हचीही गरज पडत नाही. पुण्याच्या डिसेंबरात मी तीच थापतो. मात्र चिपळूणच्या मे महिन्यात ती लावून बघा, घामाने जीव नकोसा होतो. तिथे हलकं क्रीम. अंघोळ कोमट पाण्याने, अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही आणि दोन-तीन मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच, क्रीम. पंप किंवा ट्यूब उत्तम. डबी असेल तर बोट नाही, स्वच्छ चमचा.

हे सगळं रात्री साडेअकराला कसं टाइप करणार? मी फक्त लिहिलं, ‘आधी डॉक्टरांना दाखव. मेडिकलमधून स्वतःहून काही आणू नकोस. सकाळी फोन करतो.’

सकाळी फोन उचलला आणि ती रडायलाच लागली. ‘दादा, मी पहिल्या दिवसापासून क्रीम लावायला हवं होतं ना? सगळ्या रील्समध्ये सांगतात. माझ्या आळशीपणामुळे झालं.’

बरं झालं, याचं उत्तर मला ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर नेमका हाच प्रयोग झालाय. सगळी अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या घरांतली. निम्म्यांच्या आई-बाबांना सांगितलं, पहिलं वर्षभर रोज अंगभर मॉइश्चरायझर लावा. मुलं दोन वर्षांची झाल्यावर मोजलं, तर क्रीमवाल्यांत २३ टक्के मुलांना एक्झिमा, बाकीच्यांत २५ टक्के. फरक नाहीच म्हणा ना. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. झालेल्या एक्झिमाला मॉइश्चरायझर आवर घालतं, पण रोज लावून एक्झिमा टळल्याचं या प्रयोगात तरी दिसलं नाही. ‘तुझ्यामुळे झालेलं नाही,’ मी म्हटलं, ‘आणि माझ्यामुळेही नाही.’ हे दुसरं वाक्य मी तिला सांगत होतो की स्वतःला, कोण जाणे.

मग आईने फोन घेतला. बहिणीचं सासर चिपळुणातच, त्यामुळे नातीला अंघोळ घालायला आई रोज हजर. ‘क्रीमबिम काही नको. डाळीचं पीठ आणि साय लावतेय मी. तुम्हा दोघांना त्यावरच मोठं केलं.’

‘आणि माझं काय झालं, आई?’ तोंडातून निघून गेलं. पलीकडे एकदम शांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सूर बदलला. तिला जपानची गोष्ट सांगितली. तिथे चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं प्रथिन घातलं होतं. तो वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली, गव्हाचं खाल्लं की त्रास. २०११ मध्ये साबण मागे घ्यावा लागला. पोटात जाऊन जे पचतं, ते गळक्या भिंतीतून आत शिरलं तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं. डाळीचं पीठ आणि साय चांगली, पण ती ताटात, सोललेल्या गालावर नाही.

‘मग खोबरेल तेलही वाईटच असेल तुझ्या मते!’ आई म्हणाली.

‘नाही ना! त्यात तू बरोबर आहेस.’ फिलिपिन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ऑलिव्ह ऑइलने मात्र कातडीचा थर कमकुवत होतो, असं २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं, म्हणजे महागडी इम्पोर्टेड बाटली बाद आणि आपला नारळ पास. आईचा आवाज लगेच खुलला. ‘मी म्हणत नव्हते?’ शेवटी तह झाला: पीठ बंद, सुवासाचा साबण बंद, तेल डॉक्टरांना विचारून.

डॉक्टरांनी एक्झिमाच सांगितला. सौम्य मलम पाच दिवस आणि बिनवासाचं क्रीम दिवसातून तीन-चारदा. मी एकच भर घातली, जी मलाही उशिरा कळली होती. क्रीम कपड्यांना लागून सुकतं आणि मग कापड पटकन पेट घेतं, ब्रिटनच्या औषध खात्याने २०१८ मध्ये तसा इशाराच दिलाय. म्हणून गॅसजवळ जपून, आणि नातीचं औक्षण करताना निरांजन जरा लांबच धर गं आई.

गणपतीला घरी गेलो, तेव्हा भाची आठ महिन्यांची झाली होती. गाल बरेच निवळलेले, कोपराच्या घडीत अजून लाली. आईने अंघोळ घातली, टिपलं आणि बहिणीला हाक मारली, ‘अगं, क्रीम!’ बहीण मोदकांच्या उकडीत कोपरापर्यंत बुडालेली. तिने मानेनेच माझ्याकडे खूण केली.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. भेगा नव्हत्या. पावसाळ्यात नसतातच म्हणा, पण गेले कित्येक महिने मी एकही दिवस चुकवला नव्हता. भाचीला मांडीवर घेतलं. पंप दोनदा दाबला, मग आठवण झाली आणि आणखी दोनदा दाबला. ती माझं बोट पकडून चोखायला बघत होती.

क्रीमला कसलाच वास नव्हता. तिला मात्र तिचा स्वतःचा होता.

मोबाइल बाहेर खोलीत राहिला होता. या वेळी फोटो कुणीच काढला नाही.